कुंपणाखालची वाट

मँचेस्टरच्या त्या घराची आठवण निघाली की मला आधी आवाज ऐकू येतात. स्वयंपाकघरातल्या कपाटात बसवलेला बॉयलर भप्प करून पेटायचा. सकाळी दाराच्या फटीतून टपाल आत पडलं की पितळी झाकण खाडकन आपटायचं. रस्त्याच्या टोकाला वळणावर ट्रॅमची चाकं करकरायची, आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमची गाडी तीच ती धून वाजवत गल्लोगल्ली फिरायची. घर जोडघर होतं, म्हणजे एकच इमारत मधल्या भिंतीनं दोन घरांत वाटलेली. भिंतीपलीकडे मॉरीन नावाच्या सत्तरीच्या बाई एकट्या राहायच्या. त्यांचा रेडिओ दिवसभर आमच्या बैठकीच्या खोलीत पुटपुटत असायचा. आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिकडे जात असणारच, पण त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. या सगळ्या आवाजांत एक आवाज मात्र नव्हता, तो आईचा.

पुण्यात आई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचाच, पण मंडईत भाजीवाल्याचं लिंगवचन चुकलं तर तिथेही जायचा. तिला इंग्रजी येत नव्हतं असं अजिबात नाही. लायब्ररीतून आणलेल्या जाड कादंबऱ्या ती आठवड्यात संपवायची. पण चुकीचं वाक्य तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही, हा तिचा आयुष्यभराचा नियम होता आणि तो तिनं इंग्रजीलाही लावला. वाक्य ती आधी मनात तपासायची, आणि तपासून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. डॉक्टरकडे, पोस्टात, दुकानात तिच्या वतीनं मी बोलायचे. चौदा वर्षांच्या मुलीला आपल्या आईची गुडघेदुखी परक्या माणसाला समजावून सांगताना कसंसंच होतं, आणि आईला ते त्याहून जास्त होत असणार, हे मला आता कळतं.

बाबा आमच्या आधी इकडे आले होते. एका हॉस्पिटलच्या संगणक विभागात ते काम करायचे. मूळचे कराडकडचे, अतिशय सज्जन आणि मितभाषी. माझे आजोबा आणि त्यांचे सख्खे भाऊ शेताच्या बांधावरून एकमेकांशी मरेपर्यंत बोलले नाहीत, हे बाबांनी लहानपणी रोज पाहिलं होतं. त्यामुळे शेजाऱ्याशी संबंध चांगले हवे असतील तर हद्द स्पष्ट हवी आणि कोणाकडे काही मागायला जायचं नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. समोरचा भेटला तर गुड मॉर्निंग म्हणायचं, आणि पुढे चालायला लागायचं.

आई शाळेतून बिनपगारी रजा घेऊन आली होती. दिवाळीनंतरच्या सत्राला तिला हजर व्हायचं होतं. आमच्या घरात यावर कधी भांडण झालं नाही. ऑक्टोबरची दोन तिकिटं काढून ठेवली होती, आईचं आणि माझं. बाबा इथेच राहणार होते. पुढे काय, हे कोणी विचारत नव्हतं.

त्या वसंतात रात्रीची भांडी घासून झाली की आई चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायला लागली. इथे मे महिन्यापासून रात्रीची जेवणं झाली तरी उजेड असतो. मागची बाग लांबट आणि दुर्लक्षित होती. टोकाला आधीच्या मालकानं सोडलेलं एक मोडकं लाकडी शेड, त्याच्या बाजूला वाढलेलं रान, आणि आमच्या व मॉरीनबाईंच्या बागेमध्ये कुजलेल्या फळ्यांचं कुंपण. त्यातल्या निम्म्या फळ्या गळून पडल्या होत्या. एका संध्याकाळी त्या फटीतून फुसफुस करत, पानं उलटीपालटी करत एक हेजहॉग आमच्या बाजूला आली. नारळाएवढी, अंगभर बोटाच्या पेराएवढे काटे, पुढे ओलसर लांबट नाक. आई पायरीवरून हलली नाही. आत येऊन म्हणाली, "अहो, आपल्याकडे साळू आलीय."

बाबांनी सांगितलं की साळू म्हणजे साळिंदर, तिचे काटे हातभर असतात, ही वेगळी. आईला ते माहीत होतं. पण या प्राण्याला आपल्याकडे घरगुती नाव नाही, आणि नाव नसलेल्याशी बोलणार कसं, असं ती म्हणाली. तेव्हापासून ती साळू झाली. आईनं तिच्यासाठी बशीत दूध ठेवलं. दुसऱ्या दिवशी मॉरीनबाई कुंपणाच्या फटीशी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्यामार्फत त्यांनी आईला सांगितलं की दूध नको, त्यानं यांचं पोट बिघडतं. पाणी ठेवा, आणि द्यायचंच तर मांजराचं मांसाचं खाणं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. तेव्हा असं ठरलं की पाणी आमच्या बाजूला आणि जेवण त्यांच्या बाजूला. साळू रोज दोन्ही घरं करायची.

त्या फटीतून इतरही देवाणघेवाण सुरू झाली. मॉरीनबाईंच्या बागेत रूबार्ब माजलं होतं. लालसर देठ, चवीला कैरीसारखे आंबट. त्यांनी वाडगाभर दिले. आईनं त्याचा मेथांबा केला आणि वाडगा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून तोच भरून पाठवला. तो त्यांनी चीजबरोबर खाल्ला आणि आणखी मागितला. दोघी फटीच्या दोन बाजूंना उभ्या राहायच्या, हसायच्या, मान डोलवायच्या. मी घरी असले तर मध्ये बोलायचे. नसले तर त्या नुसत्याच उभ्या राहायच्या.

मग जुलैत, वाऱ्यानं आधीच कललेलं ते कुंपण एके दिवशी पूर्ण आडवं झालं. बाबांनी मॉरीनबाईंच्या दारात एक औपचारिक चिठ्ठी टाकून परवानगी घेतली आणि सगळीकडून नवीन कुंपण घालून घेतलं. सिमेंटचे खांब, पुरुषभर उंच फळ्या, आणि फळ्या पुन्हा कुजू नयेत म्हणून तळाशी जमिनीत रोवलेली सिमेंटची पट्टी. बाजूच्या फाटकालाही खालून फळी मारली. काम झाल्यावर ते शर्टाच्या बाह्या दुमडून बागेत फिरले, एका फळीवर हात फिरवला आणि समाधानानं म्हणाले, आता वीस वर्षं बघायला नको. पुढच्या वर्षी शेड पाडून तिथे फरशी घालायची असंही ठरलं. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली स्वतःची हद्द होती. त्यांना आनंद झाला यात चूक काहीच नव्हतं.

आईनं कुंपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त पायरीवर ती पूर्वीपेक्षा कमी वेळ बसू लागली. मॉरीनबाईंच्या केसांचा पांढरा शेंडाही आता दिसत नव्हता. त्याच सुमारास पाऊस थांबला. मँचेस्टरमध्ये पाऊस थांबणं ही बातमी असते. गवत पिवळं पडलं, माती विटेसारखी कडक झाली. पाण्याची बशी दुपारपर्यंत कोरडी पडायची, आणि आई ती भरायला कधी विसरायची. मला वाटतं तिनं मनानं सामान बांधायला घेतलं होतं. एकदा ती मला म्हणाली की शेडच्या मागे कसली तरी पाखरं चिवचिवतात, अंधारायला लागलं की सुरू होतात. मी ऐकायला गेले नाही.

शाळेला सुट्टी लागल्यानंतरची ती दुपार. मी वरच्या खोलीत पडून वाचत होते. तहान लागली म्हणून खाली आले, तर मागचं दार सताड उघडं, पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी, गॅस बंद, आणि आई नाही. मी बागेत पाहिलं, मोरीत पाहिलं. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. आई एकटी त्या दारातून कधीही बाहेर गेली नव्हती. मी चप्पल न घालताच रस्त्यावर धावले, आणि मॉरीनबाईंच्या उघड्या दारातून मला आईची पाठ दिसली. हातांत ओव्हनचे जाड मोजे, त्यांत माझा जुना टॉवेल, आणि टॉवेलात साळू.

त्याआधी काय झालं ते मला नंतर दोघींकडून कळलं. पोळ्या लाटताना आईला खिडकीतून दिसलं की भर उन्हात साळू नव्या कुंपणाच्या कडेनं चालली आहे. टोकापर्यंत जायची, सिमेंटच्या पट्टीला नाक घासायची, उलटी फिरायची. पाय लटपटत होते, मध्येच ती एका कुशीवर कलंडली. दिवसा बाहेर दिसलेली हेजहॉग म्हणजे आजारी, हे मॉरीनबाईंनी मागे सांगितलं होतं. आईनं हात धुतले, मोजे घातले आणि शेजारची घंटा वाजवली. मला हाक मारायचं तिला सुचलं नाही, असं ती नेहमी सांगते.

मी आत गेले तेव्हा मॉरीनबाई फोनवर होत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई आजारी हेजहॉग घरी ठेवून बऱ्या करायच्या, त्यांच्याशी बोलणं चाललं होतं. लगेच घेऊन या, असं पलीकडून सांगितलं असावं, कारण मॉरीनबाई पुठ्ठ्याचं खोकं काढून त्यात वर्तमानपत्र घालत होत्या, आणि टेबलावर गाडीच्या किल्ल्या होत्या. त्यांनी खोकं आईसमोर धरलं. आईनं टॉवेल छातीशी धरला.

"नो," ती म्हणाली. "शी हॅव चिल्ड्रन. इन माय हाउस."

मॉरीनबाई थांबल्या. खात्री आहे का, त्यांनी विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं ओठ मिटून, अगदी बारीक, पाखरासारखा चिवचिवाट करून दाखवला आणि म्हणाली, "इव्हनिंग. अंडर शेड. एव्हरी इव्हनिंग." पाखरं जमिनीखाली नसतात, हे तिच्या त्याच क्षणी लक्षात आलं होतं. मॉरीनबाईंनी फोन पुन्हा कानाला लावला आणि आईनं सांगितलेलं त्यांच्या भाषेत सांगितलं. मग बराच वेळ नुसतंच ऐकलं. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, बरं झालं तू बोललीस. साळूला उचलून नेलं असतं तर पिल्लं आज रात्रीच उपाशी गेली असती. तिला बिळाजवळच ठेवायचं, पाणी आणि खाणं द्यायचं, आणि उठून पिल्लांकडे गेली तर अजिबात हात लावायचा नाही. नाही गेली, तर मग सगळ्यांनाच हलवावं लागेल.

आम्ही तिघी आमच्या बागेत आलो. मॉरीनबाई आमच्या घरात पहिल्यांदाच येत होत्या. शेडच्या सावलीत आईनं टॉवेल उघडला. हेजहॉग घाबरली की अंगाचा काटेरी गोळा करते, साळू तेवढंही करत नव्हती, डोळे अर्धे मिटलेले. मी बशी आणली. आईनं बोटानं पाणी तिच्या नाकाला लावलं. काहीच झालं नाही. पुन्हा लावलं. मग जीभ बाहेर आली, एकदा, दोनदा, आणि मग ती प्यायलाच लागली. इतका वेळ प्यायली की बशी पुन्हा भरावी लागली. मॉरीनबाईंनी आणलेला मांजराच्या खाण्याचा डबा आईनं स्वतः फोडला आणि आमच्या रोजच्या चमच्यानं चुरून तिच्यापुढे ठेवला. तो चमचा पुढे कायमचा शेडमध्ये राहिला, पण त्या दुपारी आईला वासही आला नसावा.

आम्ही पायरीवर जाऊन बसलो. तिघी रांगेत. सावली कुंपणापर्यंत सरकली तेव्हा साळू उठली. चार पावलं चालली, थांबली, आणि शेडच्या तळाशी एका फळीखाली शिरली. थोड्या वेळानं चिवचिवाट सुरू झाला आणि मग एकाएकी थांबला. मॉरीनबाईंनी आईचा हात धरला. "फीडिंग," त्या हळूच म्हणाल्या. आईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

बाबा कामावरून आले तेव्हा त्यांना बागेत हे दृश्य दिसलं. मी त्यांना सगळं सांगितलं: साळूचं बीळ आमच्याकडे, तिचं जेवण पलीकडे, आणि मध्ये कुंपण. मॉरीनबाई घाईघाईनं म्हणाल्या की कुंपण फार सुंदर आहे. बाबा ओशाळून हसले. मग आईला मराठीत म्हणाले की इथेच खायला घालत जाऊ, काय बिघडलं.

"ती एका बशीवर नाही जगत," आई म्हणाली. "किडे, गांडुळं शोधत रात्रभर हिंडते. दहा घरच्या बागा लागतात तिला. आणि पिल्लं मोठी झाल्यावर जाणार कुठे? वाट हवी खालून."

"खाली सिमेंट आहे अगं. कापता येणार नाही."

"मग खणा."

हे तिनं वर्गातल्या आवाजात सांगितलं. वर्षभर न ऐकलेला आवाज. बाबा आत गेले. मला वाटलं रागावले. पण ते कपडेही न बदलता फक्त पायांत जुन्या चपला सरकवून आले, आणि शेडमधली कुदळ घेऊन सिमेंटच्या पट्टीशी खणायला लागले. माती हटत नव्हती. आई तांब्यानं पाणी ओतत होती, ते कुदळ मारत होते. मॉरीनबाई आपल्या बागेत जाऊन त्यांच्या बाजूनं खुरप्यानं खणायला लागल्या. त्यांचं टकटक आम्हांला ऐकू येत होतं. पट्टी वाटली त्यापेक्षा खोल होती. शेवटी बाबा ऑफिसच्या शर्टात पालथे पडून हातानं माती ओढत होते. उजेड अजून पुरता गेला नव्हता तेव्हा त्यांची बोटं खुरप्याला लागली. खालून मॉरीनबाईंनी विचारलं की तो तुमचा हात आहे का. बाबा तसेच पालथे पडून, मातीत गाल टेकवून, अत्यंत नम्रपणे म्हणाले, "येस. गुड इव्हनिंग."

आई जी हसायला लागली ती थांबेचना. अंथरुणावर पडल्यावरही मला तिचा आवाज त्यांच्या खोलीतून येत होता. ती बाबांना सांगत होती, "'हॅज' म्हणायला हवं होतं हो. 'शी हॅज.' मी 'हॅव' म्हणाले. आणि तरी तिला कळलं."

आता इंग्लंडात कुंपणाला असं भोक ठेवण्याचं कौतुक राहिलेलं नाही. केंब्रिजला मी राहते त्या वसाहतीत बिल्डरनंच प्रत्येक कुंपणात ते ठेवलं आहे. माझी मुलगी विचारते, यात सांगण्यासारखं काय आहे? काही नाही. माणसं शहाणी झाली, एवढंच. तेव्हा मात्र आम्हांला वाटत होतं की आम्हीच जगात पहिले.

ऑगस्टच्या मध्यावर पिल्लं बाहेर आली. चार होती. साळूमागे वेडीवाकडी ओळ करून ती त्या बोगद्यातून पलीकडे जायची, आणि दर वेळी एक मागे राहून भलतीकडेच वास घेत बसायचं. आई आणि मॉरीनबाई आता रोज एकमेकींकडे असायच्या. आई चुकत बोलायची, मॉरीनबाई सावकाश बोलायच्या. गोगलगाईंसाठी टाकायच्या विषारी निळ्या गोळ्या मॉरीनबाईंनी कधीच सोडल्या होत्या; गल्लीतल्या इतरांनाही त्या तेच सांगत फिरू लागल्या आणि सोबत आईला न्यायच्या.

मागच्या बाजूच्या घराचं राहिलं होतं. तिथे गॅरी नावाचा दांडगा माणूस राहायचा, त्याचा कुत्रा सतत भुंकायचा, आणि त्याच्या बागेपलीकडे मोठं मैदान होतं. पिल्लांना मैदानापर्यंत वाट हवी होती. आई जायला तयार होती. बाबा म्हणाले, मी जातो. शनिवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आरशासमोर ते एक वाक्य पुनःपुन्हा म्हणत होते, ते मी ऐकलं. परत यायला त्यांना इतका वेळ लागला की आई खिडकीशी जाऊन उभी राहिली. आले ते मातीनं माखून. गॅरीला वाटलं होतं, हा कुत्र्याची तक्रार घेऊन आलाय; म्हणून आधी त्यानं दारातच माफी मागितली. हेजहॉगचं कळल्यावर तो म्हणाला, "एवढंच ना?" आणि दोघांनी मिळून लगेच खणलं. कुत्र्याला संध्याकाळनंतर घरात घ्यायचंही त्यानं कबूल केलं. सांगताना बाबा थांबत नव्हते. एका माणसाच्या दारात ते काहीतरी मागायला गेले होते आणि ते त्यांना मिळालं होतं.

तिकिटांचं कोणी बोललं नाही. सप्टेंबर सरला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी, बाबा ट्रॅमसाठी निघत असताना, आईनं ओट्याशी चहा गाळता गाळता सांगितलं की तिनं शाळेला कळवलं आहे, ती परत रुजू होणार नाही. मॉरीनबाईंच्या ओळखीच्या प्राथमिक शाळेत मदतनीस हवी आहे, तिथे ती भेटायला जाणार आहे. बाबा खांद्यावर बॅग घेऊन उभे होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं हे मला दिसत होतं. ते म्हणाले, "बरं," आणि गेले. पुढचं दार लागलं. मग पुन्हा उघडलं, आणि ते बूट घालूनच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. बूट घालून ते कधीच आत येत नसत.

"मग ते शेड पाडायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "आणि यंदा पानं झाडू नका. थंडीभर झोपायला त्यांना लागतील."